घरातली अंधारी

मराठवाड्यात पावसाला नावं ठेवणारं घर शोधूनही सापडायचं नाही. आमचं मात्र होतं. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याला दगडी भिंतींचं, वर पत्रे टाकलेलं, दोन खोल्यांचं आमचं घर. डोंगराकडेला वावर होतं ते नावापुरतंच. त्यात दगड जास्त आणि सीताफळाची झाडं थोडी. घर चालायचं ते अण्णांच्या मशालीवर. अण्णा म्हणजे माझे वडील. किल्ला चढताना मध्ये अंधारी लागते, डोंगराच्या पोटातून कोरलेली वळणावळणाची काळी वाट. शत्रू आत शिरला की त्याला दिशा कळू नये, त्याचीच माणसं त्याच्यावर चालून जावीत, अशी केलेली. त्या वाटेतून पाहुण्यांना मशाल धरून पलीकडं काढायचं, चालता चालता गोष्ट सांगायची, आणि बाहेर उजेडात आल्यावर ज्याची जशी मर्जी होईल ते घ्यायचं, हे अण्णांचं काम. पाहुणे यायचे ते शनिवार-रविवारी. आणि नेमकी त्याच दिवशी झड लागली, म्हणजे तो दिवसदिवस न थांबणारा बारीक पाऊस सुरू झाला, की किल्ल्यावर चिटपाखरू फिरकायचं नाही. सगळं गाव आभाळाला हात जोडायचं, आणि आमची माय दारात उभी राहून म्हणायची, "पड मेल्या, आमच्याच दोन दिसांवर पड." त्या आठवड्यात मग एका वेळेला भाकरी आणि दुसऱ्या वेळेला हुलग्याचं माडगं. माडग्याचा वास मला आजही ओल्या गोणपाटासारखा येतो. कुणी कितीही पौष्टिक म्हणून सांगो, माझ्या घरात ते शिजत नाही.

आता बघते तर सगळं उलटं झालंय. मी शहरात राहते, क्रांती चौकापासून जवळच. पावसाळ्यातल्या रविवारी शेजारची पोरं गाड्या काढतात आणि म्हणतात, काकू, पाऊस पडतोय, दौलताबादला चाललो, काय भारी हिरवं झालंय. पाऊस पडतोय म्हणून किल्ल्यावर जायचं, हे ऐकलं की मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. आमच्या वेळी ही अक्कल लोकांना आली असती तर काय बिघडलं असतं?

तर अशा दिवसांत आम्हा पोरींना भुकेची आठवण होऊ नये म्हणून अण्णा घरातच अंधारी काढायचे. आम्ही दोघी बहिणी. मी कुसुम, थोरली. शकुंतला माझ्याहून बरीच लहान, तिला सगळे शकी म्हणायचे. दुपारची भांडी झाली, पत्र्यावरचा आवाज एका लयीत लागला, की अण्णा उठून म्हणायचे, "चला, तिकिटं काढा." तिकीट म्हणजे एक शेंगदाणा. तो अण्णांच्या तळहातावर ठेवायचा आणि बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. तोवर अण्णा आतल्या खोलीत वाट तयार करायचे. दोऱ्यांवर वाकळा टांगायच्या, बाज उभी करायची, पत्र्याची ट्रंक इकडची तिकडं ओढायची. मधोमध ज्वारीची कणगी होती, माणसापेक्षा उंच, शेणानं सारवलेली. ती मात्र कधी हलायची नाही. सगळी वाट तिच्या अवतीभवतीच फिरायची. खिडकीला गोणपाट, दाराला घोंगडं, चुलीतल्या निखाऱ्यांवर राख. मग असा अंधार व्हायचा की डोळे उघडे आहेत का मिटलेले, ते बोट लावून बघावं लागायचं.

त्या अंधारात अण्णांचा आवाज बदलायचा. घरात मराठी बोलणारा माणूस तिथं पाहुण्यांशी बोलायच्या हिंदीत शिरायचा. "आइए मेहरबान, सर संभालो, पाँव संभालो, दायीं दीवार को हाथ मत लगाना." का नाही लावायचा, ते कधी सांगायचे नाहीत. त्यांच्या सदऱ्याला वटवाघळांचा आणि घासलेटाचा वास कायमचाच होता, तो अंधारात दुप्पट व्हायचा. मानेवर कुठून तरी गार फुंकर यायची. गालाला पीस लागायचं. ते "नीचे एक सीढ़ी" म्हणायचे आणि आमच्या सपाट, सारवलेल्या जमिनीवर पाय खरोखरच खाली जायचा. हे मी शपथेवर सांगते. खेळ संपल्यावर शकी मला हळूच विचारायची, "अक्के, आपल्या घरात पायऱ्या हायत का गं?" मी नाही म्हणायचे, आणि ती झोपायला गेली की पायानं जमीन चाचपून बघायचे. वाटेच्या शेवटी कणगीमागं दुरडीखाली मायनं एखादं धपाटं झाकून ठेवलेलं असायचं. त्याला हात लागला की खेळ संपला. भूक, भीती आणि धपाटं, तिन्ही एकदमच संपायचं.

अंधारीचे दोन नियम होते. अण्णांनी ते त्यांच्या बापाकडून घेतले होते आणि घरातल्या खेळातही ते मोडू द्यायचे नाहीत. पहिला, आत कुणाचं नाव घ्यायचं नाही. "अंधाराला नाव कळलं की तो इसरत नाय," एवढंच ते म्हणायचे. दुसरा नियम मोजणीचा. नाव घ्यायचं नाही, दिसत तर काहीच नाही, मग मागं सगळे आहेत का हे कळणार कसं? तर एकामागं एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं. अण्णा थांबले की सगळ्यात शेवटच्यानं पुढच्याच्या खांद्यावर एक टिचकी मारायची. त्यानं आपली एक मिळवून त्याच्या पुढच्याला दोन मारायच्या. असं करत आकडा अण्णांच्या खांद्यापर्यंत यायचा. आला तेवढी माणसं मागं आहेत. शेवटी कोण राहायचं यावरून आम्हा बहिणींची भांडणं व्हायची, कारण शेवटच्याच्या पाठीला कुणीच नसायचं.

त्या वर्षी मी बारावी पास झाले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, माय तर अंगठा उठवायची. मला शहरात कॉलेजला घालायचं, हे अण्णांनी ठरवून टाकलं होतं. गावात कुणी विचारलं की म्हणायचे, "माझी पोरगी बी.ए. करणार हाय." बी.ए. म्हणजे काय ते त्यांना नीट माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण मायचा धाकटा भाऊ, नामदेवमामा, वाळूजला कंपनीत होता, त्याचा हिशेब वेगळा होता. त्याच्या कंपनीशेजारी पॅकिंगला पोरी घेत होते. "शिफ्टची बस दारातून नेती, दारात सोडती," असं तो दर भेटीला सांगायचा. मायचं मन दोन्हीकडं व्हायचं. अण्णांची मशाल चालू होती तोवर मी कॉलेजची. ती ज्या दिवशी थांबेल त्या दिवसापासून वाळूजची. हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण शकीलासुद्धा माहीत होतं.

आणि अण्णांचं काहीतरी बिनसलं होतं. ताटातलं मीठ बोटानं शोधायचे. समोरून कुणी आलं तर मान जराशी वळवून, कोंबडीसारखं एका बाजूनं बघायचे. मायला बांगड्यांवरून ओळखायचे. विचारलं तर म्हणायचे, "मशालीचा धूर हाय, दुसरं काय." धुरानं डोळे चुरचुरतात हे आम्हाला पटायचं. पटवून घ्यायचं होतं म्हणूनही असेल.

तो रविवार. शुक्रवारपासून झड लागलेली. मामा सकाळच्या एसटीनं भिजत आला तो थेट सांगतच, "उद्या कुसीला घिऊन जातो. जागा दोनच हायत, नंतर म्हनू नगा."

अण्णा म्हणाले, "ती कॉलेजला चालली."

"कॉलेजला! दाजी, घरात बघा जरा. चुलीवर माडगं हाय. आन तुमी साहेबीण करताय."

"माडगं खाऊनच बारावी झाली ती."

"व्हय, आन बी.ए. होऊन काय, मशाल धरणार हाय का तुमची?"

माय चुलीपाशी जाळ सारत होती. आतल्या खोलीत पत्रा गळत होता, सकाळीच तिनं ट्रंक भिजू नये म्हणून ओढून कणगीला चिकटवली होती. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी ती वाटलीच नसणार. शब्दाला शब्द वाढायला लागला तसे अण्णा उठले आणि म्हणाले, "चला, तिकिटं काढा. पावना आलाय, आज पावन्यालाबी अंधारी दावू."

मामा हसला. "लहान पोरांचा खेळ. मी काय भितो का काय?"

"मग शेवटाला तू ऱ्हा," माय म्हणाली.

त्या दिवशी अण्णांनी वाट मांडली ती घाईत, फक्त वाकळा टांगल्या. ट्रंक तिच्या नेहमीच्या जागी, भिंतीपाशी आहे असंच धरून चालले. मामानं शेंगदाणा अण्णांच्या हातावर ठेवला तेव्हा मी पाहिलं, अण्णांनी हात जरा भलतीकडंच पुढं केला होता. मामानंच तो ओढून घेतला.

आत शिरलो. पुढं अण्णा, त्यांच्यामागं माय, मग शकी, मग मी, आणि माझ्या खांद्यावर मामाचा जड, ओला हात. पत्र्यावर पाऊस इतका लागला होता की तो वरून येतोय का जमिनीखालून, तेच कळेना. डावा हात कणगीला घासत होता. पहिल्या वळणावर अण्णा थांबले. माझ्या खांद्यावर एक टिचकी आली. मी शकीला दोन दिल्या. तिनं मायला तीन, मायनं अण्णांना चार. बरोबर. पुढं निघालो. "सर संभालो मेहरबान." डाव्या हाताला कणगीचं शेण गेलं आणि पत्रा लागला, गार. मग पुन्हा शेण. ती वाट मला पाठ होती. इथं आता भिंत लागायला हवी होती. लागेना. आम्ही चालत होतो, आणि आमची एवढीशी खोली संपतच नव्हती. पुन्हा पत्रा लागला. पुन्हा शेण. अण्णांचा आवाज हळूहळू पुढून यायचा बंद झाला. तो बाजूनं यायला लागला. मग मागून.

मग अण्णा बोलायचेच थांबले.

सगळे थांबलो. अण्णा थांबले की मोजणी, म्हणून मी टिचकीची वाट बघत उभी राहिले. मामा पुढं वाकला. तो माझ्या कानाशी फुटक्या आवाजात म्हणाला, "कुसे, माझ्या मागं कोन हाय?"

नाव घेऊन त्यानं नियम मोडला होता. मी म्हणाले, "कुनी नाय मामा. तुमी शेवटी हाव."

"माझ्या खांद्यावर हात हाय गं."

आणि मग माझ्या खांद्यावर टिचक्या आल्या. एक नाही. सहा. मामा नियमाप्रमाणं आपली एक मिळवत होता, म्हणजे त्याला मागून पाच आल्या होत्या. हाताला सवय होती. मी शकीला सात दिल्या. ती पुटपुटत मोजत होती, ते मला ऐकू आलं. तिनं आठ दिल्या. मायनं नऊ. पाच माणसांच्या रांगेत आकडा वाढतच चालला होता, आणि तो थांबवायचा कसा हे आम्हाला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

"म्होरं कोन हाय?" अण्णा म्हणाले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. अंधारीत वर्षानुवर्षं चालताना ज्याच्या पुढं कधी कुणी नव्हतं, त्या माणसाच्या हाताला पुढं एक खांदा लागला होता. "कोन हाय म्हनतो मी! नाव सांग!"

मामा ओरडला. शकी ओरडली. काडेपेटी खुळखुळल्याचा आवाज आला आणि काडी ओढली गेली. पेटली. लख्ख पेटली. त्या उजेडात मला सगळं दिसलं. कणगीला चिकटलेली ट्रंक भिंतीपाशीच आहे समजून अण्णा वळत राहिले होते, आणि कणगीभोवती आमचं कडं झालं होतं. अण्णांचा काडेपेटीचा हात मामाच्या खांद्यावर टेकला होता. मामानं डोळे गच्च मिटून तोंड कणगीला लावलं होतं. आणि अण्णा पेटती काडी आपल्या तोंडासमोर धरून उभे होते. तिच्याकडंच बघत होते. ज्योत त्यांच्या उघड्या डोळ्यांत हलत होती.

"काडी वल्ली हाय," अण्णा म्हणाले. "पेटंना."

आयुष्यात मी भुतं पाहिली नाहीत. पण भीती कशी दिसते असं कुणी विचारलं तर मी तो चेहरा सांगेन. जळती काडी समोर धरून उजेडाची वाट बघणारा.

मामानं डोळे उघडायच्या आत मायनं त्यांच्या खांद्यावरून वाकून फुंकर मारली. पुन्हा काळोख.

"आत्ता उजीड झाला व्हता," मामा म्हणाला.

"झाला आन गेला," माय म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा. "वल्ल्या काड्या हायत. नामदेवा, हाल नगंस. आवं, माझ्या खांद्यावर हात ठिवा. कुसे, शकी, धरा. मी म्होरं व्हते." आणि आमची माय, जिनं किल्ल्यावरच्या अंधारीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, ती आम्हाला घेऊन दारापर्यंत गेली आणि तिनं घोंगडं ओढून काढलं.

उजेडात मामानं पहिल्यांदा आपला खांदा पाहिला, मग आम्हाला मोजलं. माय म्हणाली, "तुझे दाजीच व्हते तुझ्या मागं. वाट चुकली."

"दाजी?" मामा म्हणाला. "दाजी अंधारीत वाट चुकले?" यावर त्याचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. पंचक्रोशीत कुणाचाच बसला नसता. त्यानं पिशवी उचलली. "ताई, हे घर कुनाला तरी दाव. आन पोरीला इतक्यात धाडू नगंस. कंपनीत पोरी हायत, कुनाच्या अंगावर काय गेलं तर माझ्या नावानं बोंब." धपाटंसुद्धा न खाता तो पावसात गेला. माझी वाळूजची जागा त्या दिवशी अशी हुकली. मामा चांगला माणूस होता, पुढं माझ्या पहिल्या पगाराचे पेढे त्यानंच गावभर वाटले, पण आमच्या आतल्या खोलीत त्यानं पुन्हा कधी पाय ठेवला नाही.

तो गेल्यावर माय अण्णांपुढं बसली. "कवापासून?"

अण्णांनी दोन्ही डोळे तळहातानं चोळले. मग म्हणाले, "उजवा लई दिस झाले. डाव्यात कडंकडंचं दिसतंय थोडं. अंधारीत काय लागतंय दिसायला? मशाल लोकांसाठी असती."

पाहुण्यांना ते तसेच नेत होते. हातात मशाल, आणि स्वतः न बघता. घरातला खेळही निम्मा आमच्यासाठी आणि निम्मा स्वतःसाठी होता. न बघता चालायचा सराव करत होते ते, आम्हाला रांगेत मागं घेऊन. शहरातल्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं की हा काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. गेलेलं परत यायचं नाही.

"मग कुसी?" मायनं विचारलं. हा एकच प्रश्न होता, आणि मी तो दाराआडून ऐकला. उत्तरही मायनंच दिलं, "मशाल मी धरते. तुमी मागून बोला. माझ्या खांद्यावर हात ठिवा आन बोला."

"बाईमानूस अंधारीत?"

"आज कुनी काढलं तुमाला भाईर?"

आणि तसंच झालं. बाकीचे मशालवाले हसले, दोघातिघांनी तर अपशकुन म्हणून तोंडं फिरवली. पण पाहुण्यांना ते आवडायला लागलं. पुढं नऊवारीतली बाई मशाल घेऊन, तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं गोष्ट सांगणारा माणूस. त्यांना तो खेळाचाच भाग वाटायचा. उघडीप पडली त्या आठवड्यात मी कॉलेजला नाव घातलं.

एक गोष्ट मात्र राहिली. पुढं कधीतरी मी अण्णांना म्हणाले, तुम्ही मामाला पाच टिचक्या दिल्या नसत्या तर आम्ही एवढे घाबरलो नसतो. अण्णांनी मान वळवून, त्या उरलेल्या कडेनं माझ्याकडं पाहिलं. "मी टिचकी मारलीच नाय," ते म्हणाले. "माझ्या म्होरं कुनी असंल असं ध्यानातच नव्हतं, मी कुनाला मारू? मी निस्ता हात ठिवला." मामा शेवटपर्यंत पाच म्हणत राहिला. शकी आता स्वतः आजी झाली आहे, ती सात म्हणते. मला सहा आल्या होत्या. त्या अजून मोजता येतात, हाडाला लागल्यासारख्या. मी शिकलेली बाई आहे, याला काहीतरी कारण असणार हे मला कळतं. पण पावसात लाइट गेली आणि नातवंडं कंटाळली की मी त्यांना गोष्ट सांगते, पत्ते काढते, भेंड्या लावते. तो खेळ शिकवत नाही.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तिघंही माझ्याबरोबर कॉलेजात आले. फलकापाशी ही गर्दी. मी पुढं, मग माय, मग शकी, शेवटी अण्णा, एकमेकांच्या खांद्यावर हात. पोरं बघून हसत होती, हसू दे म्हटलं. फलकाशी पोचले आणि थांबले. मागून तीन टिचक्या आल्या. बरोबर तीन. मी माझा नंबर शोधला, दोनदा वाचला आणि ओरडून सांगितलं. गर्दीच्या वरून अण्णांचा आवाज आला, "कुसे, माझ्या मागं कोन हाय का बघ गं."

मी वळून पाहिलं. "कुनी नाय, अण्णा."

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.